न जन्मलेल्या सुताराशी इमान

‘काम हीच पूजा’ हे वाक्य वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहे की त्याची अट कोणती, हे कुणी विचारत नाही. कोणतेही काम? कुणीही, कशासाठीही केलेले? सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, पण ती सावत्याची दृष्टी. ज्याच्यापाशी ती दृष्टी नाही, त्याच्या कामात पूजेचा काही अंश असू शकतो की नाही? म्हणजेच, पावित्र्य फक्त करणाऱ्याच्या मनात असते, की कामाच्या घडणीतही त्याला जागा असते? या प्रश्नाचा कस लावायला जपानमधल्या मंदिर बांधणाऱ्या सुतारांचे, तिथे ज्यांना ‘मियादाइकु’ म्हणतात त्यांचे, आयुष्य फार उपयोगी पडते. ही माणसे भिक्षू नाहीत आणि पुरोहितही नाहीत. करवत, पटाशी आणि रंधा यांच्याशीच त्यांचा जन्मभराचा संबंध. त्यांच्या कामाला धर्म म्हणायचे असेल तर ते देवळासाठी होते म्हणून नव्हे आणि तल्लीन होऊन केले जाते म्हणूनही नव्हे. जो त्यांना बक्षीस देऊ शकत नाही आणि शिक्षाही करू शकत नाही, अशा कुणाला तरी ते काम बांधील असते, म्हणून. एवढाच माझा मुद्दा आहे.

तल्लीनतेचा पक्ष जपानमध्येही जुना आहे. सुझुकी शोसान (1579–1655) हा तोकुगावांच्या बाजूने लढलेला सामुराई पुढे झेन भिक्षू झाला. शेतकऱ्याची कुदळ, कारागिराचे हत्यार, व्यापाऱ्याचा व्यवहार, सगळे काही बुद्धमार्गाची साधना होऊ शकते, असे त्याने शिकवले. संन्यासाशिवाय मुक्ती नाही असे मानणाऱ्यांना हे मोठेच उत्तर होते. पण या शिकवणीत एक भोक राहते. मन एकाग्र झाले की काम पवित्र, असे एकदा म्हटले की मग काम काय आहे आणि ते कुणाच्या वाट्याला काय घेऊन येणार आहे, हा प्रश्नच गळून पडतो. तलवारही एकाग्रतेने घडते, आणि खोटा जमाखर्चही अतिशय एकाग्रतेने लिहिता येतो. तेव्हा मनाच्या अवस्थेपलीकडचा काही निकष हवा, आणि तो सुतारांच्या व्यवहारातच सापडतो.

नारा प्रांतातल्या होर्यूजी मंदिरातल्या काही इमारती सातव्या शतकाच्या अखेरीच्या आणि आठव्या शतकाच्या आरंभीच्या आहेत. जगात आज उभ्या असलेल्या लाकडी इमारतींत त्या सर्वांत जुन्या गणल्या जातात. या मंदिराच्या सुतारघराण्यात त्सुनेकाझु निशिओका (1908–1995) जन्मले. आजोबांनी त्यांना आधी शेतकी शाळेत घातले. झाड मातीतून येते, म्हणून माती न कळलेल्या सुताराला लाकूड कळणार नाही, हा त्यामागचा विचार. घराण्यात तोंडी चालत आलेल्या शिकवणुकीचा रोखही तोच होता. सुटे लाकूड विकत घेऊ नये, डोंगर पाहून घ्यावा. झाड ज्या दिशेला वाढले त्या दिशेलाच इमारतीत उभे करावे. नुसत्या मापांवर न विसंबता प्रत्येक लाकडाचा पीळ आणि कल ओळखून जोडणी करावी. हजार वर्षे वाढलेला हिनोकी, म्हणजे तिथला सुरू जातीचा वृक्ष, तोडला तर इमारतीच्या रूपाने तो आणखी हजार वर्षे उभा राहिला पाहिजे, असे निशिओका सांगत. ही निव्वळ भाविकता नव्हती. जिरो कोहारा या लाकूडशास्त्रज्ञाच्या अभ्यासात असे आढळले की तोडल्यानंतर सुमारे 200 वर्षे हिनोकीची ताकद वाढत जाते, मग ती अगदी सावकाश उतरते. इथे सुतार झाडाचा देणेकरी ठरतो, आणि ते देणे किती वर्षांचे, हे झाडाच्या वयानेच ठरवलेले असते.

दुसरे देणे माणसांचे आहे. या इमारती काही शतकांनी सोडवाव्या लागतात. सांधे उकलायचे, कुजलेला भाग काढायचा, नवा जोडायचा आणि पुन्हा उभारायचे. 1934 पासून होर्यूजीची मोठी दुरुस्ती चालली तेव्हा निशिओकांना तेराशे वर्षांपूर्वीच्या सुतारांचे काम उघडून पाहता आले, अगदी ज्या पृष्ठभागांवर कोणाचीही नजर पडणार नव्हती तेही. खांबांवर उमटलेल्या हत्याराच्या खुणांच्या मागावर जाऊन त्यांनी भाल्याच्या पात्यासारखे, ‘यारिगान्ना’ नावाचे विस्मरणात गेलेले तासणीचे हत्यार पुन्हा वापरात आणले. मेलेल्या सुताराने जिवंत सुताराला शिकवले, आणि तेही केवळ आपल्या कामातून. साहजिकच जिवंत सुतारावर तसेच उलगडून वाचता येईल असे काम पुढच्यासाठी मागे ठेवण्याची जबाबदारी येते. याकुशीजी मंदिराचा 1528 मध्ये जळालेला पश्चिम मनोरा निशिओकांच्या देखरेखीखाली 1981 मध्ये पुन्हा उभा राहिला, तो आठव्या शतकातल्या पूर्व मनोऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित उंच. शतकांच्या भाराने लाकूड दबेल, जमीन बसेल आणि मग दोन्ही सारखे होतील, हा हिशेब. गीतेच्या वाचकाला इथे निष्काम कर्म आठवेल, पण साम्य अर्धेच आहे. हा सुतार फळाबद्दल उदासीन मुळीच नाही. फळाची त्याला विलक्षण काळजी आहे. फक्त ते पाहायला आपण नसणार, हे त्याने मान्य केलेले आहे.

यावर कोणी म्हणेल, ही तर टिकाऊपणाची पूजा झाली. टिकण्यात धर्म कसला? पण इसेचे देवस्थान नेमके उलट उदाहरण देते. तिथली मुख्य मंदिरे दर 20 वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर नव्याने बांधली जातात. हा क्रम 690 मध्ये सुरू झाला, यादवीच्या काळात शतकाहून अधिक काळ खंडित झाला, पुन्हा जोडला गेला आणि 2013 मध्ये बासष्टाव्यांदा पार पडला. इथे लाकूड टिकत नाही, हात टिकतात. वीस वर्षांचे अंतर असे की या खेपेचा उमेदवार पुढच्या खेपेला जाणता कारागीर आणि त्यानंतरच्या खेपेला शिकवणारा होऊ शकतो. जुने लाकूडही वाया जात नाही, ते इतर देवस्थानांना जाते. होर्यूजीत वस्तू टिकवून विद्या टिकली, इसेत वस्तू सोडून देऊन. समान आहे ती फक्त बांधिलकी, आणि म्हणूनच धर्म टिकाऊपणात नाही, तिच्यात आहे.

याहून टोकदार आक्षेप मराठी वाचकाच्याच मनात उठायला हवा. पिढीजात कामाला पावित्र्य चिकटवले की काय होते, हे आपण भोगलेले आहे. जातिसंस्था ही नुसती श्रमविभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये दाखवून दिले. शोसानची शिकवणही तोकुगावांच्या दर्जाबद्ध समाजाला सोयीचीच होती; त्या समाजाने कातडे कमावणाऱ्यांना अस्पृश्य ठेवले आणि कायद्याने ती अवस्था 1871 पर्यंत संपली नाही. हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. त्यामुळे माझा निकष सुधारून घ्यावा लागतो. देणे स्वतःहून पत्करलेले असले पाहिजे. जन्माने लादलेले देणे ही वेठबिगारी. आणि इथे निशिओकांचेच चरित्र मदतीला येते. त्यांच्या मुलांनी हा व्यवसाय घेतला नाही. विद्या गेली ती मित्सुओ ओगावा यांच्याकडे. सुतारकामाशी संबंध नसलेल्या घरातला हा मुलगा शाळेच्या सहलीत होर्यूजीचा मनोरा पाहून भारावला होता. काम नाही म्हणून परत पाठवला गेला आणि अखेर 1969 मध्ये शिष्य झाला. पहिले वर्षभर वृत्तपत्र आणि टीव्ही वर्ज्य, फक्त हत्यारांना धार लावायची. अट कठोर होती, पण दार दोन्ही बाजूंनी उघडे होते. रक्ताचा वारस नाही आणि तरी परंपरा चालू राहिली, यावरूनच कळते की तिचा आधार रक्त नव्हते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. याकुशीजीचे मुख्य मंदिर 1976 मध्ये उभे राहिले, ते तैवानच्या हिनोकीतून, कारण हजारो वर्षांचे वृक्ष जपानमध्ये उरलेच नव्हते. तैवानच्या त्या जंगलांची मोठी तोड जपानी राजवटीतच, 1895 ते 1945 या काळात सुरू झाली होती. नैसर्गिक जंगलांची तोड तैवानने पुढे 1991 मध्ये थांबवली. झाडाचे ऋण मानणाऱ्याने दुसऱ्याच्या डोंगरावरचे झाड आणले, तर त्या डोंगराचे ऋण कोण फेडणार? चांगल्या सांध्याने या प्रश्नाचे उत्तर होत नाही. पण दोष दिसतो तो कोणत्या मापाने, हेही पाहायला हवे. तल्लीनतेच्या मापाने याकुशीजी निर्दोष ठरते. बांधिलकीचे माप लावले तरच त्यातली उणीव उघडी पडते. इसेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याच डोंगरांवर हिनोकी लावायला घेतला, दोनशे वर्षांच्या आखणीने, आणि 2013 च्या बांधकामात त्यातले काही लाकूड वापरलेही गेले. सुताराचे देणे जंगलापर्यंत पोचले पाहिजे, हे त्या परंपरेलाच उमगले, असा याचा अर्थ मी घेतो.

शेवटी एक व्यावहारिक शंका. हजार वर्षांचे मनोरे किती जणांच्या वाट्याला येणार? आणि ज्याला महिन्याचे भाडे भरायचे आहे, त्याला या साऱ्याचा उपयोग काय? मंदिराचे काम नसले की निशिओका शेती करत. नफ्याच्या मागे लागून हात बिघडू नये म्हणून सामान्य घरे बांधायची नाहीत, हा घराण्याचा नेम होता. एवढी किंमत सगळ्यांना परवडणार नाही, आणि प्रत्येकाकडून ती मागणे अन्यायाचेही होईल. पण निकषाला मनोरा लागत नाही. पाणीपुरवठ्याची वाहिनी टाकणारा, सातबारा लिहिणारा, संगणकाची प्रणाली घडवणारा, या प्रत्येकाच्या कामाला कधी तरी एक अनोळखी माणूस हात घालणार असतो. तो आपल्याला ओळखणार नाही, आभार मानणार नाही, आपल्यावर खटलाही भरणार नाही. त्याला काम उलगडता यावे, म्हणून आज थोडा जास्त वेळ देणे, हे कोणत्याही बाजारभावात बसत नाही. कामाला पूजा म्हणायचा हक्क तिथून सुरू होतो. देवावर श्रद्धा असेल तर ती या बांधिलकीला बळ देईल, पण श्रद्धा नसलेल्यालाही ती पाळता येते. आणि ती पाळली नाही, तर देवळाचा कळस घडवणाऱ्याचे कामसुद्धा नुसते कंत्राट उरते.