भाड्याचे घर आणि अपरिग्रह

सामानासह भाड्याने घेतलेल्या घरात पलंग, गादी, कपाट, शेगडी यांतले काहीच भाडेकरूचे नसते, तरी त्याचा संसार त्यांच्यावरच चालतो. जे आपले नाही ते कोणत्या वृत्तीने वापरावे, हा प्रश्न अशा घरात रोज समोर येतो. धर्मविचारात तो अपरिग्रह आणि अनासक्तीच्या चर्चेत फार पूर्वीपासून आहे.

धुळ्यात पांझरा नदीपलीकडच्या देवपूर भागात कॉलेजचे विद्यार्थी, बदलीवर आलेले शिक्षक आणि बँक कर्मचारी भाड्याने राहतात. करार बहुधा ११ महिन्यांचा, 'लीव्ह अँड लायसन्स' पद्धतीचा असतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार असा परवाना फक्त वापराची मुभा देतो. मालमत्तेत हक्क निर्माण करत नाही. कराराला सामानाची यादी जोडतात. पंखे किती, कपाटाच्या किल्ल्या किती, टेबलाच्या काचेला आधीचा तडा आहे का, हे तीत लिहिलेले असते आणि डिपॉझिट परत देताना ती पुन्हा बाहेर निघते. नुकसान कोणी भरायचे ते कायदा ठरवतो. वस्तू जपण्याची बुद्धी मात्र माणसाला स्वतःच आणावी लागते.

'आपले थोडेच आहे' म्हणून हेळसांड करणे म्हणजे अनासक्ती, असा समज होऊ शकतो. ज्यांनी मालकी पूर्णपणे सोडली त्यांच्या परंपरा नेमके उलट सांगतात. खानदेशात जैन साधुसाध्वी चातुर्मासात एका गावी मुक्काम करतात. जैन आचारात जागा मालकाला विचारूनच घ्यावी लागते. हा अचौर्य व्रताचाच भाग आहे. पाट, फळी, अंथरूण परत करण्याच्या बोलीवर घेतात. उपासकदशांग सूत्रात सद्दालपुत्त नावाचा कुंभार महावीरांना अशाच वस्तू देऊ करतो. जागा देणाऱ्याला शय्यातर म्हणतात आणि त्याच्या घरची भिक्षा वर्ज्य असते, त्यामुळे एकाच घरावर दुहेरी भार पडत नाही. बौद्ध विनयातही, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांतही, संघाची खाट किंवा गादी उघड्यावर टाकून, न आवरता निघून जाणे हा दोष मानला आहे.

विनोबा भाव्यांनी १९३२ साली धुळ्याच्याच तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाहेरच्या कर्माला मनाची जोड मिळाली की त्या कर्माचे ओझे उरत नाही, असे विनोबांनी चौथ्या अध्यायावर बोलताना मांडले. परक्या घराची फरशी डिपॉझिटच्या धाकाने पुसली तर ती चाकरी होते. पुढे येणाऱ्याची आठवण ठेवून पुसली तर साधना होते.

हा विचार घरमालकालाही लागू पडतो. गादी वापराने दबते, रंग काळाने उडतो; त्याचे पैसे भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापणे हा लोभच. ईशावास्य उपनिषदाच्या दृष्टीने सारे जग ईश्वराने व्यापलेले आहे, म्हणून मालकही वापरणाराच ठरतो. मात्र या तत्त्वाचा आधार घेऊन भाडेकरूने मुदतीनंतर जागा अडवणे हा अधर्म होय. अपरिग्रह दुसऱ्याला शिकवण्याचा नसून स्वतः पाळण्याचा नियम आहे. भाडेकरूने वस्तू जपून वापराव्यात आणि वेळेवर परत कराव्यात, मालकाने वाजवी झीज सोसावी. दोघांच्या वाट्याला येणारे अपरिग्रहाचे आचरण ते हेच.