राखून ठेवलेला डाव

आमच्या मिरज, सांगली, कोल्हापूर भागात तालमीतला एक दाखला प्रत्येकाला ठाऊक असतो. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक डाव मात्र राखून ठेवतो. उद्या पठ्ठा वस्तादावरच उलटला तर तो कामी यावा म्हणून. पुढारी हा दाखला सभेत देतात, व्यापारी पेढीवर देतात आणि ऐकणारे माना डोलावतात. मांजराने वाघाला सारे शिकवले, झाडावर चढायचे तेवढे शिकवले नाही, ही गोष्टही त्याच कुळातली. चाळीस-पंचेचाळीस वर्षे वायरमनचे काम केल्यावर आम्हाला या शहाणपणाविषयी शंका येऊ लागली आहे. ती वाचकांसमोर ठेवावी, एवढ्यासाठी हा लेख. लेखात 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणापोटी नव्हे. या धंद्यात एकट्याने काही होत नाही, खाली शिडी धरणारा कोणीतरी लागतोच. त्यामुळे 'मी' म्हणायची सवयच राहिलेली नाही.

१९७८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आम्ही उस्तादांच्या दुकानात लागलो. शाळा नववीत सुटली होती. उस्तादांचे गावात मोठे नाव होते. जुन्या वाड्यातली सागवानी पट्टीवरची वायरिंग असो, पिठाच्या गिरणीची मोटर असो की उरुसातली रोषणाई असो, बिघाड कुठे आहे हे ते पाच मिनिटांत सांगत. पण सांगत ते गिऱ्हाइकाला, आम्हाला नाही. बोर्ड उघडायची वेळ आली की ते आम्हाला चहा आणायला पिटाळत. परत येईतो स्क्रू घट्ट बसलेले असत आणि दिवा लागलेला असे. दुकानात आमच्याच वयाचा आणखी एक पोरगा होता. आम्ही दोघे मग नजरेने चोरी करायला शिकलो. दिवसा उस्तादांच्या हाताकडे बघायचे आणि रात्री एकमेकांना विचारून उजळणी करायची.

उस्तादांची एक लकब आम्ही दोघांनीही पाहिली होती. कुठल्याही तारेला हात लावण्यापूर्वी ते टेस्टर आधी एखाद्या चालू प्लगमध्ये घालून बघत, मग त्या तारेला लावत आणि मग पुन्हा चालू प्लगमध्ये घालत. आम्हाला वाटे, असते एकेकाची सवय; कोणी पानाला चुना लावताना बोट दोनदा पुसतो, तसे. टेस्टरमधला निऑनचा दिवा मेलेला असू शकतो आणि मेलेल्या टेस्टरला जिवंत तारही मेलेलीच दिसते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

१९८० च्या उन्हाळ्यात एका गिरणीत काम होते. उस्ताद मोटरवर वाकलेले. बाहेरचा कटआउट काढलेला आहे अशा समजुतीत जोडीदाराने मेन स्विचच्या वरच्या टोकाला टेस्टर लावला. उजेड आला नाही, म्हणून त्याने बोटांनी तार धरली. हात चिकटला. उस्तादांनी जात्याशेजारचा लाकडी दांडा उचलून त्याच्या मनगटावर हाणला, तेव्हा तो सुटला. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली ती झालीच. त्याने धंदा सोडला. आज तो चहाचा गाडा चालवतो आणि कप डाव्या हाताने देतो.

आठवड्याने आम्ही धीर करून उस्तादांना विचारले की टेस्टर आधी चालू प्लगमध्ये का घालायचा, हे आम्हाला कधी सांगितले का नाही? उस्ताद बराच वेळ पक्कड पुसत बसले. मग म्हणाले, "तुम पूछेच नहीं."

या तीन शब्दांवर आम्ही आयुष्यभर विचार करत आलो आहोत. हे उत्तर खोटे नव्हते. आम्ही खरोखरच विचारले नव्हते. उस्तादांनी मुद्दाम लपवले, असेही म्हणता येत नाही. त्यांच्या लेखी ती एवढी साधी गोष्ट होती की सांगण्याजोगी वाटलीच नसेल. हातात मुरलेले ज्ञान तोंडावर येत नाही, हे आम्ही पुढे स्वतःवरून ओळखले. आणि त्यांचीही एक बाजू होती. त्यांच्या उस्तादाने त्यांना मारून शिकवले होते. घरात सहा पोरे, पेन्शन नाही, रजा नाही. हुन्नर हीच त्यांची जमीन आणि हेच त्यांचे बँकेतले खाते. ते दोन पोरांना फुकट वाटून टाका, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? लपवणे आणि न सांगणे यांत फरक आहे, हे आम्ही मान्य करतो. पण तो फरक आम्हाला विचार करायला उपयोगी पडतो; जोडीदाराच्या बोटांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

शिवाय 'विचारले नाही' हे उत्तर उस्तादाला शोभत नाही, असे आमचे मत आहे. विचारण्यासाठी आधी काहीतरी माहीत असावे लागते. ज्याला धोका कुठे आहे हेच ठाऊक नाही, तो प्रश्न कुठून आणणार?

कुस्तीत राखून ठेवलेल्या डावाने फार तर पठ्ठ्याची पाठ मातीला लागते. विजेचे तसे नाही. शंभर वॅटचा साधा दिवा चारशे मिलिअँपिअरहून जास्त करंट घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट माणसाच्या छातीतून एक-दोन सेकंद गेला तरी हृदयाची चाल बिघडू शकते. म्हणूनच घरात बसवायचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडेल असा केलेला असतो.

आमच्या मिरजेत उस्ताद-शागीर्दीची गोष्ट निघाली की गाण्याकडे वळल्याशिवाय राहत नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ अखेरची वर्षे इथेच राहिले. मोठमोठे गवय्ये आपल्या चिजा घराबाहेर जाऊ देत नव्हते, त्या काळात त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि परक्यांच्या मुलांना शिकवले. त्यांचे शागीर्द सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, हे सर्वांना ठाऊक आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले. वाटून टाकल्याने त्यांचे गाणे कमी झाले, असे कोणी म्हणणार नाही. पण हा दाखला देताना आम्ही थोडे बिचकतो. खाँसाहेबांची गोष्ट थोरांची. आमच्यासारख्याच्या दुकानासमोर शागीर्दाने दुकान थाटले की काय होते, ते आम्ही भोगले आहे.

हो, थाटले. सहा वर्षे आमच्याकडे शिकलेल्या पोराने रस्त्याच्या पलीकडे गाळा घेतला. रोज सकाळी शटर वर करताना त्याचा बोर्ड आधी दिसे. आमची जुनी गिऱ्हाइके त्याच्याकडे जाऊ लागली. तो आमच्यापेक्षा स्वस्त होता आणि, कबूल करायला हवे, जलदही होता. त्या दोन वर्षांत वस्तादाचा डाव आम्हाला रोज आठवला. आठवले की वाटे, याला मोटर भरायची शिकवायला नको होती. मग हळूहळू उमगले की राखून ठेवण्यासारख्या गोष्टी आहेत, पण त्या वेगळ्या आहेत. कोणते गिऱ्हाईक पैसे बुडवते, कोणता दुकानदार चांगली तार उधारीवर देतो, कुठल्या कामाला किती दर लावायचा, हे खुशाल पोटात ठेवावे. ज्याने माणूस मरतो किंवा वाचतो ते आमच्या मालकीचे नाही. ती आमच्याकडे आलेली अमानत आहे.

म्हणून आम्ही आमच्या पोरांसाठी दुकानात एक लाकडी फळी केली. तिच्यावर दिवे, बटणे, प्लग. रात्री आम्ही तिच्यात बिघाड करून ठेवायचो. एखादी तार सैल, कुठे न्यूट्रल तुटलेला. सकाळी पोराने तो शोधायचा. अट एकच, हात लावण्याआधी मनात काय आहे ते बोलून दाखवायचे. न्यूट्रल तुटलेला असला की प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि नवशिका हमखास म्हणतो, "चाचा, डबल फेज आला." डबल फेज काही येत नाही. पुढे चालू ठेवलेल्या दिव्यातून फेजच फिरून दुसऱ्या भोकात आलेला असतो. एकदा हे स्वतःच्या तोंडाने चुकीचे बोलले की पोरगा जन्मभर विसरत नाही. शिंप्याच्या पोराने कापड बिघडवले तर शिंपी दोन शिव्या देतो. आमच्या पोराला चुका करायची जागा म्हणजे ती फळी. कायदा १९६१ पासून अप्रेंटिसची नोंद, मुदत, भत्ता सांगतो. आयटीआयची पोरे कारखान्यात जातात तेव्हा त्यांना त्याचा लाभ होतो. गल्लीतल्या दुकानात चहा आणणाऱ्या पोराची नोंद कुठेच नसते. तोच पोरगा पुढे मुंबईत ट्रेड टेस्ट देऊन सौदीला किंवा दुबईला जातो आणि तिथे त्याला विचारणारा उस्ताद जवळ नसतो.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख आमच्या कौतुकाचा झाला असता. पण २०१९ ची गोष्ट सांगायची राहिली आहे.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पाणी ओसरल्यावर मिरजेची आमची पोरे घराघरांत जाऊन बोर्ड उघडत होती. चिखल धुवायचा, तारा वाळवायच्या, मेगरने इन्सुलेशन बघायचे आणि मगच सप्लाय द्यायचा. आमच्या ओळखीच्या एका खालांच्या घरी आमच्या पोराने जुन्या किटकॅट फ्यूजच्या जागी नवा बोर्ड लावला, त्यात आरसीसीबी बसवला. तो टिकेना. पुन्हा पुन्हा पडत होता.

आम्ही म्हणालो, "भिंती ओल्या आहेत. चार दिवस थांब."

पोरगा म्हणाला, "चाचा, ओलीमुळं असता तर दिवा न लावताही पडला असता. मेगर चांगला दाखवतोय. फक्त मागच्या खोलीचं बटण दाबलं की पडतोय."

"मग पीस खराब असेल. बदल."

"दुसरा लावून बघितला."

खरे सांगायचे तर मागच्या खोलीचे नाव काढल्याबरोबर आमच्या मनात काहीतरी हलले होते. स्पष्ट आठवले नव्हते. पण ओल, खराब पीस, ही उत्तरे आमच्या तोंडून एवढ्या झटपट का निघाली, याचा विचार केला तर आम्हाला स्वतःची शंका येते.

पोराने आरसीसीबी बाजूला काढला आणि मेन स्विचमधून घराचा न्यूट्रल सोडवला. सगळे घर अंधारले. मागच्या खोलीतला दिवा तसाच जळत राहिला. पोरगा त्या दिव्याकडे बघत होता आणि आम्ही पोराकडे. त्या खोलीचा परतीचा करंट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जात होता. कोणीतरी न्यूट्रलच्या जागी अर्थ जोडला होता.

ते आम्हीच जोडले होते. १९९८ साली त्या घरात लग्न होते. आदल्या रात्री मागच्या खोलीचा न्यूट्रल भिंतीतल्या पाइपात तुटला. पाहुणे बसलेले, भिंत फोडायला वेळ नव्हता. "उद्या येऊन नवी तार ओढतो," असे सांगून आम्ही ती जोडणी केली आणि पुन्हा गेलोच नाही. अर्थिंगचा खड्डा नळाशेजारी होता, बारमाही ओला राहायचा, म्हणून एकवीस वर्षे निभावले. एखाद्या उन्हाळ्यात नळ कोरडा पडला असता आणि खड्डा सुकला असता, तर करंट फ्रीजच्या पत्र्यावर आला असता. फ्रीज खाला उघडत. त्यांची नातवंडे उघडत.

गप्प राहणे सोपे होते. 'जुनं काम आहे, कोणी केलं कोण जाणे,' एवढे म्हटले असते तर कोणी पुढे विचारले नसते. तो आमचा राखून ठेवलेला डाव होता आणि तो आम्ही जवळजवळ खेळलो होतो. पण पोरगा बघत होता. तो नसता तर आम्ही बोललो असतो का, याचे उत्तर आम्ही अजून देऊ शकत नाही.

आम्ही खालांना सांगितले. त्यांना पुरते समजले नाही. "तू रात्री दोन वाजेपर्यंत थांबला होतास, बेटा. तुझ्यामुळं लग्न पार पडलं," असे म्हणून त्यांनी चहा टाकायला सुनेला हाक मारली. त्या चहाचा घोट उतरेना.

परतताना पोरगा मोटारसायकल चालवत होता. मिरजेची हद्द आली तरी बोलला नाही. दुकानापाशी गाडी लावल्यावर म्हणाला, "चाचा, अजून कुठं कुठं केलंय असं?"

त्या रात्री आम्ही दोघांनी बिलबुकाच्या पाठीवर यादी केली. सात घरे आठवली. चार घरांत जाऊन आम्ही पैसे न घेता नवा न्यूट्रल ओढून दिला. एक वाडा पाडून तिथे अपार्टमेंट झाले आहे. एका घराने मालक बदलला. नव्या मालकाने दार उघडले, ऐकून घेतले आणि आम्ही काम मिळवण्यासाठी भीती घालतो आहोत असे समजून दार लावून घेतले. दोनदा गेलो, आता पोरगा जातो. सातव्या घराची आम्हाला गल्ली आठवते, जिना आठवतो, जिन्याखालचा बोर्डही आठवतो, पण घर काही केल्या आठवत नाही. गल्लीत बावीस घरे आहेत. त्यांतली नऊ बघून झाली आहेत.