ब्रेकमधलं पाणी

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ तसाच धरून दक्षिणेकडे निघालं, की बेळगाव, हुबळी, बंगळूर मागे पडतात आणि साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास, श्रीपेरुंबुदूर ओलांडल्यावर, इरुंगट्टुकोट्टै नावाचं गाव लागतं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं बांधलेला शर्यतीचा ट्रॅक तिथे आहे. १९९० साली सुरू झालेला, ३.७१७ किलोमीटरचा. त्याआधी मद्रासकडच्या शर्यती शोलावरमच्या महायुद्धकाळातल्या विमानधावपट्टीवर व्हायच्या. वेगाची आवड असणाऱ्यानं ती ट्रॅकवरच भागवावी असं माझं ठाम मत आहे. महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या असतात, सायकलवरून शाळेला जाणारी पोरं असतात, आणि आपण किती वेगात येतोय हे त्यांनी ओळखावं अशी अपेक्षा धरायचा आपल्याला काही हक्क नाही.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीवाल्याच्या मुलाला हे पटलेलं होतं. त्यानं जुनी पोर्शे केमन घेतली आणि थोड्याच दिवसांत फेब्रुवारीतल्या एका ट्रॅक डेला नाव नोंदवलं. शर्यत नव्हती. हौशी लोकांनी आपापली गाडी आणायची, वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांत चालवायची, शिकवणारे सोबत असतात. मुलाची तयारी जोरात सुरू झाली. ट्रॅकची सगळी वळणं व्हिडिओ बघून पाठ झाली. मोठ्या आवाजाच्या एक्झॉस्टसाठी पैसे बाजूला पडले. दारावर कुठला आकडा चिकटवायचा, यावर मित्रांत दोन संध्याकाळी गेल्या.

वडील, म्हणजे आप्पा, भट्टीपाशीच मोठे झालेले. त्यांनी एका रात्री जेवताना विचारलं, "एकशे ऐंशीवर पळणारी गाडी वळणापाशी साठवर आणायची म्हणतोस. मग तिच्यातला जोर जातोय कुठं?"

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. त्यानं एका जुन्या चलनाच्या पाठीवर हिशोब मांडला. गाडी आणि माणूस मिळून चौदाशे किलो धरले, तर एका ब्रेकमध्ये साधारण साडेपंधरा लाख ज्यूल बाहेर पडतात. पाच लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला यायला एवढी उष्णता लागते, आणि इथे ती चार सेकंदांत तयार होणार. ट्रॅकच्या एका चकरेत अशी वळणं अनेक. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट. कागदाकडे बघत तो गप्प राहिला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून त्याला हे सूत्र येत होतं, पण ते आपल्या गाडीला कधी लावून पाहिलं नव्हतं.

"डिस्क कशाची?" आप्पांनी विचारलं.

"ग्रे आयर्नची. आपण ओततो तसलीच."

आप्पांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्या लोखंडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि उष्णता झटपट वाहून नेतो. म्हणून तर डिस्क त्याची करतात. पण डिस्क आणि पॅड पुरे पडले नाहीत तर उष्णता मागे, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये जाते, आणि तिथे ब्रेक ऑइल असतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण चांगल्या गाड्या बाळगणाऱ्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नसतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ जातीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की हमी उरते फक्त १५५ अंशांची. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पेडलवर पडतो, पेडल तळाला टेकतं आणि गाडी तशीच पुढे जाते. रोजच्या रस्त्यावर हे सहसा कळतच नाही, कारण तिथे तेवढी उष्णता होत नाही. मुलाच्या गाडीनं आधीच्या मालकाकडे दोन पावसाळे ऑइल न बदलता काढले होते.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी जुनं ऑइल काढलं तेव्हा ते काळपट निघालं. त्यांनी डॉट ५.१ भरलं, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, मग टायरकडे बोट दाखवलं. नक्षी भरपूर होती. पण बाजूला कोरलेले चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, टायर आठ वर्षांचा असल्याचं सांगत होते. रबर कडक झालेलं. एक्झॉस्टचे पैसे टायरमध्ये गेले. मुलाला ते फार लागलं. दोन दिवस तो घरात नीट बोलला नाही. नव्या टायरचा आवाज येत नाही, मित्रांना दाखवताही येत नाही.

आप्पांनी गाडीपेक्षा जास्त लक्ष मुलाकडे दिलं. भट्टीवर टेरिकॉट घालून येणाऱ्याला ते आत घेत नसत, कारण आगीत ते कापड वितळून कातडीला चिकटतं. इथेही त्यांनी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि सुती पँट घालायला लावली. हेल्मेट मोटरसायकलचं चालेल का, यावर मुलानं चौकशी केली आणि आतून आग न धरणारं, मोटारशर्यतीच्या प्रमाणाचं घेतलं. बसायची जागा पुढे ओढली, पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर येईल एवढी. विम्याची पॉलिसी काढून वाचली. आयोजित शर्यत आणि वेगचाचणी विम्याच्या बाहेर, असं त्यात लिहिलं होतं. ट्रॅक डेला यातून सूट आहे असं समजून चालण्यात अर्थ नव्हता. नुकसान झालं तर ते आपल्या खिशातून, हे बापलेकांनी जायच्या आधीच मान्य केलं. माझ्या मते तयारीतला हा सर्वांत प्रामाणिक क्षण होता.

आणि एक सवय लावली. "रोज सकाळी गाडी काढायच्या आधी पेडल दाब. कुठं लागतंय ते पायाला कळू दे." मुलगा रोज दाबायचा. आधी आप्पांच्या समाधानासाठी, नंतर आपसूक.

इचलकरंजीचा आतेभाऊही निघाला होता. त्याची जर्मन सेडान केमनपेक्षा ताकदवान, त्यात इंजिनाचा संगणक नव्यानं बसवून घेतलेला. तो हसून म्हणाला, "मामा, आम्ही पळायला चाललोय, थांबायला न्हाई." आप्पांनी त्याला काही उत्तर दिलं नाही. केमनच्या डिकीत मात्र ब्रेक पॅडचा एक नवा जोड, ऑइलची बाटली, टॉर्क रेंच आणि फाउंड्रीतली तापमान मोजायची बंदूक ठेवली.

ट्रॅकवर पोचल्यावर पहिलं काम गाडी रिकामी करायचं. पायाखालच्या मॅट काढल्या, कारण ब्रेक मारताना सरकलेली मॅट पेडलखाली अडकू शकते. पाण्याची बाटली, चार्जर, गॉगल, सगळं बाहेर. डॅशबोर्डवरच्या गणपतीपाशी मुलाचा हात अडला. आप्पांनी स्वतः मूर्ती उचलली, कपाळाला लावली आणि आपल्या पिशवीत स्वच्छ रुमालात ठेवली. ओढून न्यायचा हूक पुढे फिरवून बसवला. चाकांचे बोल्ट कंपनीनं सांगितलेल्या मापाला आवळले.

मग माहितीसत्र. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओलांडायचं नाही. लाल म्हणजे फेरी बंद, सावकाश आत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. काळा तुम्हाला दाखवला तर पिटमध्ये या. ओलांडणं फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्यानं हात बाहेर काढून बाजू दाखवल्यावरच. शिकवणाऱ्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती नीट लक्षात ठेवण्याजोगी आहे. टायरची पकड ठरावीक असते. ती ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला कमी उरते. म्हणून ब्रेक सरळ रेषेत मारायचा, सोडायचा, मग वळायचं. आणि केमनसारख्या मधोमध इंजिन असलेल्या गाडीत वळणाच्या पोटात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर वजन पुढे झुकतं आणि मागची बाजू बाहेर निघते.

पहिली फेरी शिकवणाऱ्याच्या मागे गेली. परतल्यावर मुलाचा हात सवयीनं हँडब्रेककडे गेला. आप्पा ओरडले, "नको! गिअरात ठेव." रस ओतल्यावर साचा लवकर फोडला तर ओतकाम कुठं लवकर, कुठं उशिरा निवतं आणि आत ताण राहून तडकतं, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. तापलेल्या डिस्कला हँडब्रेकनं आवळून ठेवलं तर तीही अशीच असमान निवते आणि पुढे ब्रेक थरथरतो. टायरमधली हवा तापून पाच पीएसआयनं वाढली होती. ती मापात आणली.

दुसऱ्या फेरीत आतेभावाच्या गाडीचं पेडल मऊ पडलं. तो पांढऱ्या चेहऱ्यानं आत आला आणि पुन्हा निघाला नाही. भीतीनं त्याला वेळेवर बाहेर काढलं.

मुलाला घाबरायचं काही कारणच नव्हतं, आणि मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त काळजी त्याच जागी वाटते. ऑइल नवं, टायर नवे, बोल्ट आवळलेले. दुपारच्या तिसऱ्या फेरीत वळणं जुळायला लागली होती. नजर बोनेटवरून उठून पुढच्या वळणाच्या पोटाकडे जाऊ लागली, हात शांत झाले. पिटच्या भिंतीवर मित्र मोबाइल धरून उभे होते. अजून निम्मी फेरी बाकी होती. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी त्यानं ब्रेक दाबला, आणि पेडल बोटभर खाली लागलं.

गाडी थांबत होती. वळणही नीट गेलं. दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. पण रोज सकाळी दाबलेल्या पायाला ते कळलं. पुढच्या वळणापर्यंत त्याच्या मनात दोन विचार झगडले. एक म्हणत होता, एवढी तयारी केलीय ती याचसाठी, आणखी चार चकरा निघतील. दुसऱ्या विचाराला शब्द नव्हते, नुसती तळपायाची जाणीव होती.

त्यानं हात खिडकीबाहेर काढला.

उरलेली चक्कर त्यानं ब्रेक जवळजवळ न वापरता, वारं लागू देत काढली. मागून येणाऱ्या प्रत्येकाला सरळ पट्ट्यावर हातानं बाजू दाखवली. एक स्विफ्ट गेली, एक पोलो गेली, दोन मोठ्या गाड्या गेल्या. ज्याला त्यानं सकाळी ओलांडलं होतं, तोही गेला. मित्र भिंतीवरून दोन्ही हात पसरून काय झालं म्हणून विचारत होते. ही चक्कर त्याला दिवसातली सर्वांत लांब वाटली, आणि ती त्यानं सर्वांत चांगली चालवली असं मी म्हणेन.

चाक काढल्यावर कारण दिसलं. बाहेरचं पॅड ठीक होतं. सकाळी चाकाच्या आऱ्यांतून तेवढंच पाहिलं होतं. आतल्या बाजूला वारं कमी पोचतं, तिथलं पॅड पत्र्याला टेकायला आलं होतं. पॅड एवढं पातळ झालं की उष्णता अडवायला काही उरत नाही, ती थेट ऑइलपर्यंत जाते. आणखी चार चकरांत धातू धातूवर घासला असता.

निवल्यावर नवे पॅड बसले, बुडबुड्यांचं ऑइल काढून ताजं भरलं. शेवटची फेरी अजून व्हायची होती. मित्र म्हणाले, आता तर सगळं नवं आहे, जा. मुलानं घराचं अंतर मनात मोजलं आणि हेल्मेट घेऊन शिकवणाऱ्याच्या गाडीत शेजारी जाऊन बसला. तिथे त्याला दिसलं, की तो माणूस ब्रेक जोरात पण थोडाच वेळ मारतो आणि लगेच सोडतो. आपण मात्र वळणाच्या आतपर्यंत पाय ठेवून गाडी गरजेपेक्षा जास्त हळू करत होतो, आणि आपलं पॅड तिथं संपलं.

संध्याकाळी सगळे सामान आवरत असताना आतेभाऊ आप्पांपाशी येऊन उभा राहिला. "मामा, त्या उद्यमनगरच्या मिस्त्रींचा नंबर द्या की. आणि ऑइल कुठलं घातलंय?"

आप्पांनी त्याच्या हातात टॉर्क रेंच दिला. "सांगतो. चाकं निवल्यात, आधी बोल्ट बघून घे. चारीबी."