ल आव्रच्या भिंतीपाशी

थोडा वेळ पाठ सैल सोडून बसा. मनाने फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर या, जिथे सेन नदी समुद्राला मिळते. १५१७ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने इथल्या दलदलीत बंदर वसवलं. तेच ल आव्र. पुढे कॉफी, कापूस आणि गुलाम बनवलेली आफ्रिकी माणसं यांच्या व्यापारावर हे शहर श्रीमंत झालं. मागचं वाक्य भरकन वाचून झालं असेल, तर पुन्हा एकदा सावकाश वाचा. १८७२ मध्ये इथल्याच एका हॉटेलच्या खिडकीतून क्लोद मोनेने बंदरावरचा सूर्योदय रंगवला. ते धुकं, ती नारिंगी टिकली डोळ्यांसमोर येऊ द्या.

आता ५ सप्टेंबर १९४४ची संध्याकाळ. पॅरिस मुक्त होऊन अकरा दिवस झालेत. ल आव्रमधली जर्मन फौज मात्र शरण आलेली नाही. ब्रिटिश बाँबफेकी विमानं येतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात आणि शहराचा मध्यभाग नाहीसा होतो. सुमारे २,००० नागरिक मरतात. जर्मन सैनिक बहुतांशी शहराच्या कडेच्या तटबंदीत होते. मधल्या गल्ल्यांत राहत होती ती साधी माणसं. १२ तारखेला शहर मुक्त झालं.

इथे थांबा. ज्यांची वाट पाहिली, त्यांच्याच बाँबखाली आपली माणसं गेली. या दुःखाला शिव्या घालायला शत्रूही पुरता मिळत नाही. मन लगेच हिशेब मांडू लागेल: युद्धच होतं, इलाज नव्हता, किंवा हा गुन्हाच होता. हिशेब बाजूला ठेवा. आभार आणि आक्रोश एकाच घरात कसे राहिले असतील, एवढंच पाहा.

मग शहर पुन्हा उभारायला वास्तुकार ओग्युस्त पेरे आला. वय सत्तरीचं, आयुष्य काँक्रीटमध्ये गेलेलं. जुनं शहर जसंच्या तसं उभारायचा प्रयत्न त्याने केला नाही. ६.२४ मीटरच्या मापावर नवं शहर आखलं. र्यू द पारी हा जुना रस्ता मात्र जुन्याच रेषेवर ठेवला. काँक्रीट म्हटलं की आपल्याला पावसाने काळवंडलेली सरकारी इमारत आठवते. पण इथल्या नव्या भिंतीच्या जवळ जा. पेरेने वाळू आणि खडी निवडून मिसळली, वरचा थर ठोकून काढला आणि आतले दगड उघडे केले. कुठे गुलाबी झाक, कुठे पिवळट, कुठे राखाडी. तळव्याला खरखर जाणवेल. हात काढायची घाई नको.

तिथून पेरेनेच आखलेल्या सेंट जोसेफ चर्चमध्ये शिरा. १०७ मीटर उंचीचा मनोरा आतून पोकळ आहे. काचचित्रकार मार्गरित ह्युरेच्या हजारो रंगीत काचांतून उजेड खाली उतरतो. युद्धात गेलेल्यांचं हे स्मारक आहे. मान वर करा आणि दुखेपर्यंत तशीच राहू द्या. पेरे १९५४ मध्ये गेला. मनोरा पुरा झालेला पाहायला तो नव्हता.

ज्यांची घरं गेली, त्यांना भरपाई म्हणून या नव्या इमारतींत फ्लॅट मिळाले. मध्यवर्ती हीटिंग, नीट आखलेलं स्वयंपाकघर, जमिनीपासून छतापर्यंत उंच खिडक्या. कित्येकांना हे शहर परकं आणि रुक्ष वाटलं, आणि पुढची अनेक वर्षं वाटत राहिलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. २००५ मध्ये युनेस्कोने या पुनर्रचित शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तरी आजीचं घर आणि तिची गल्ली गमावलेल्या माणसाने हे काँक्रीट आवडून घ्यायलाच हवं होतं, असं मी म्हणणार नाही. पेरेचं धैर्यही तितकंच मोलाचं वाटतं. जुन्याची नक्कल त्याने केली नाही, म्हणून जे गेलं ते गेलंच, हे शहराला रोज उघड्या डोळ्यांनी पाहता आलं.

आता त्या उंच खिडकीशी स्वतः उभे राहा. तुमचं घर असं गेलं असतं, तर तुम्ही काय मागितलं असतं? तीच जुनी भिंत, की हा उजेड? उत्तर आलं नाही, तर उद्या याच प्रश्नापाशी पुन्हा बसा.