दुखणें कोणाचें, उपाय कोणाचा?

शाळेंतील मुलांच्या मनःस्वास्थ्याची काळजी शाळेनें वाहिली पाहिजे, हें आतां बहुतेक सुशिक्षित कुटुंबांस मान्य झालें आहे. परंतु ती कशी वाहावी हें ठरवितांना मुलांचें मत घ्यावें काय, असा प्रश्न निघाला कीं पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. रोग्याला विचारून का वैद्य औषध देतो, असें ते म्हणतात. दृष्टांत वरवर बिनतोड वाटतो. पण चांगला वैद्य कोठें दुखतें हें आधीं विचारतोच, आणि मनाच्या दुखण्याला तर हाताला लागणारी नाडीहि नाहीं. ज्याचें जळतें त्याला कळतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे.

संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं संमत केलेल्या बालहक्क-संहितेच्या बाराव्या कलमानें, आपल्याशीं संबंध असलेल्या बाबतींत मत सांगण्याचा हक्क मुलास दिला आहे, व वय आणि समज पाहून त्या मताला योग्य महत्त्व द्यावें असें म्हटलें आहे. भारतानें ती संहिता १९९२ सालीं स्वीकारली. तथापि कायद्याचा आधार आमच्या मतें दुय्यमच. खरी अडचण निराळी आहे.

२०२२ च्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची मनःस्वास्थ्याविषयीं पाहणी केली. तींत नांव लिहिणें ऐच्छिक ठेविलें होतें. शेंकडा ८१ मुलांनीं अभ्यास, परीक्षा व निकाल हीं चिंतेचीं कारणें म्हणून सांगितलीं. हें उत्तर नीट वाचावें. मुलें येथें आमच्याकडेच बोट दाखवीत आहेत. आमच्याकडे म्हणजे शाळेकडे, गुणपत्रिकेकडे, आणि ती हातांत घेऊन शेजारच्या मुलाचे गुण विचारणाऱ्या आईबापांकडे. मुलें भलतेंच सांगतील ही सबब नेहमीं पुढें केली जाते. आमचा संशय असा कीं, तीं खरें सांगतील याचीच धास्ती अधिक आहे.

शिवाय एकदां विचारलें म्हणजे विचारणारा बांधला जातो. उत्तर ऐकून कांहींच न बदलणें हें न विचारण्याहून वाईट. आपल्या बोलण्याला किंमत नाहीं एवढें मूल त्यांतून शिकतें, आणि पुढें खरोखर संकटाची घटका आली असतां तोंड उघडीत नाहीं.

बिहारांतील नालंदा जिल्ह्यांत सत्तरांहून अधिक माध्यमिक शाळांत गोव्यांतील एका संस्थेनें केलेला प्रयोग येथें आठवतो. त्याचे निष्कर्ष २०१८ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यक-नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. मुलांनीं निनांवी तक्रारी टाकाव्या अशी पेटी, भित्तिपत्रक, शाळेची सभा, अशीं साधींच साधनें त्यांत होतीं. बाहेरून नेमलेल्या, अल्पशिक्षण दिलेल्या समुपदेशकानें तीं चालविलीं तेथें शाळेचें वातावरण सुधारलें व खिन्नता आणि दांडगाई कमी झाली. तींच शिक्षकाकडे सोंपविलीं तेथें फारसें फळ दिसलें नाहीं. शिक्षक वाईट होते असें आम्ही म्हणणार नाहीं. गुण देणाऱ्या हातांतच मन ठेवावयाचें, हें चौदा वर्षांच्या मुलाला कसें साधावें?

मात्र मत घेणें वेगळें आणि ओझें देणें वेगळें. विद्यार्थ्यांना 'सहाय्यक' म्हणून नेमण्याची हौस कांहीं ठिकाणीं दिसते, ती आम्हांस धोक्याची वाटते. जीव नकोसा झाल्याचें एखाद्या मुलीनें मैत्रिणीला सांगितलें, तर तें गुपित त्या मैत्रिणीनें एकटीनें वाहूं नये. त्याच क्षणीं कोणा मोठ्याकडे जावयाचें हें तिला ठाऊक असावें, आणि तसें सांगणें म्हणजे चहाडी नव्हे हें शाळेनें सर्वांना आधींच स्पष्ट केलेलें असावें. मदतीची वेळ, जागा, दार कोणत्या बाजूस उघडतें, आंत जातांना कोण पाहतें, या गोष्टी मुलांना विचाराव्या. उपचाराची जबाबदारी मोठ्यांचीच.

आमच्या ओळखीच्या पालकांनीं शाळेत अशी पेटी ठेवण्याची मागणी करण्यापूर्वीं एक गोष्ट विचारून घ्यावी. तिची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणांत राहणार असेल, तर चिठ्ठी टाकणारे थोडेच निघतील. ती समुपदेशकाजवळ असावी, वर्गांनीं निवडलेल्या दोन विद्यार्थ्यांसमोर पेटी उघडावी, आणि नांवें व खासगी मजकूर वगळून प्रत्येक तक्रारीचें काय झालें हें पंधरा दिवसांच्या आंत फलकावर लावावें. 'कांहीं करतां आलें नाहीं' असेंच लिहावें लागलें तरी तेंहि लावावें.