मिर्यामेची जीभ व पंडितांचे माप

(वाचनाचा भाग : गणना, अध्याय १२)



मोशेने कूशी स्त्रीशी लग्न केले म्हणून मिर्याम व अहरोन ही त्याच्याविरुद्ध बोलू लागली, असे ह्या अध्यायाच्या आरंभी आहे. कूश म्हणजे मिसराच्या दक्षिणेकडील काळ्या लोकांचा देश. वर्णावरूनच ती बोलली असे पवित्र शास्त्र स्पष्ट सांगत नाही, आणि जे लिहिलेले नाही ते लिहिल्यासारखे आपण सांगू नये. परंतु पुढे काय घडले ते पाहा. कूशी भावजयीला नावे ठेवणारी मिर्याम कोडाने बर्फासारखी पांढरी झाली! पांढरेपणा हाच जर गौरव असता, तर तो तिच्या वाट्याला शिक्षा म्हणून आला नसता.

मिर्याम निदान उघड बोलली. पुढील काळी मोठमोठ्या पंडितांनी तेच बोलणे विज्ञानाचा अंगरखा घालून मांडले. जर्मनीतील गटिंगेन येथील योहान ब्लूमेनबाख ह्याने १७९५ साली मनुष्यमात्राचे पाच भेद ठरविले व गोऱ्या लोकांना कॉकेशस पर्वतावरून नाव दिले. का, तर त्या पर्वताकडील जॉर्जियन लोक त्याच्या मते सर्वांत सुंदर! त्याच्या संग्रहात एका जॉर्जियन स्त्रीची कवटी होती, आणि तिच्या घाटावर तो लुब्ध झाला होता. ती स्त्री कोण? युद्धात धरून मॉस्कोस नेलेली व तेथेच मेलेली एक बंदिवान. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, सर्व मनुष्ये एकाच जातीची आहेत असे ब्लूमेनबाख मानीत असे, व काळ्या ग्रंथकारांची पुस्तके त्याने आवडीने जमविली होती. इतक्या सुजाण मनुष्याच्या लेखणीतूनही स्वतःच्या डोळ्याची आवड निसर्गाचा नियम म्हणून उतरली, हीच भिण्यासारखी गोष्ट आहे.

इंग्लंडातील फ्रान्सिस गाल्टन त्याहून पुढे गेला. उत्तम वंशाची पैदास करावी ह्या मताला १८८३ साली 'युजेनिक्स' हे नाव देणारा तो हाच. १९०८ साली छापलेल्या आत्मवृत्तात तो सांगतो की, ब्रिटनच्या निरनिराळ्या शहरांत रस्त्याने जाणाऱ्या मुली पाहून तो एका कागदाला कोणाच्या नकळत सुईने टोचीत असे. सुंदर मुलीसाठी वरच्या भागात, मध्यम मुलीसाठी मधल्या भागात, कुरूप मुलीसाठी खाली. लंडन पहिले आले, ॲबरडीन शेवटचे. आणि तो कागद त्याने क्रूसाच्या आकाराचा फाडलेला असे! त्या आकारावर आपण कशाचा हिशेब मांडीत आहो, हे त्या बिचाऱ्याच्या मनातही आले नसेल.

ह्या जुन्या गोष्टी झाल्या, असे कोणी म्हणू नये. २०११ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील सातोशी कानाझावा ह्या अध्यापकाने मानसशास्त्रविषयक एका अमेरिकन नियतकालिकाद्वारे असे प्रतिपादन केले की, काळ्या स्त्रिया इतर स्त्रियांहून कमी सुंदर असतात. अमेरिकेतील तरुणांच्या एका मोठ्या पाहणीत, प्रश्न विचारावयास गेलेल्या माणसांनी समोरच्याच्या रूपाला १ ते ५ गुण दिले होते. तेवढाच त्याचा आधार. इतर संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले. तेव्हा एकाच व्यक्तीला निरनिराळ्या वेळी मिळालेले गुण फारसे जुळत नाहीत, आणि ती मुले प्रौढ झाल्यावर केलेल्या पाहणीत तो भेद उरतच नाही, असे आढळले. लेख काढून टाकण्यात आला. अध्यापकाने दिलगिरी प्रदर्शित केली. शेतकरी बंधूंनो, बाजारातला मापाडी तुम्हांस ठाऊक आहे. धान्य तेच असते. पायली भरणारा हात बदलला की माप बदलते. आणि येथे तर पायलीच नव्हती, नुसता हात होता.

दूरच्या पंडितांना हसणे सोपे आहे. आपल्या देशात पंढरीच्या सावळ्याला प्रेमाने आळविणारे मुख घरातील सुनेला काळी म्हणून हिणविते. पण शेजाऱ्याकडे बोट कशाला? मुलगी पाहावयास गेलेल्या आपल्याच मंडळीच्या वडीलधाऱ्यांत, "पोरगी गुणाची आहे हो, पण रंगाने जरा..." असे म्हणून वाक्य अर्धे सोडणारे कोणी नाही काय? गोरेपणाचे वचन देणारे 'फेअर अँड लव्हली' हे मलम ह्या देशात १९७५ साली निघाले, आणि ते आपल्याही घरांत आले. २०२० साली त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द गळला. आपल्या बोलण्यातून गळला काय?

उपदेशक बंधूंनो, लग्नाच्या बोलण्यांत तुम्हांला मध्यस्थ म्हणून बसवितात. ते अर्धे वाक्य कानी पडताच तुम्ही खाली मान घालून चहा पीत राहिलात, तर दाराआड उभी असलेली मुलगी ते आपल्या मनात पुरे करते, व पुढे जन्मभर ऐकत राहते. तेथल्या तेथे, नम्रपणे पण स्पष्ट बोला. अलियाबाचे रूप व उंची पाहून शमुवेलसुद्धा फसला होता, आणि तो तर संदेष्टा होता. तेव्हा वराच्या बापाला सांगण्यात त्याचा अपमान नाही.

मिर्यामेसाठी प्रार्थना कोणी केली? ज्याच्या बायकोविषयी ती बोलली, त्याच मोशेने. सात दिवस ती छावणीबाहेर राहिली, आणि तिला पुन्हा आत घेईपर्यंत लोकांनी तेथून कूच केले नाही. त्या कूशी स्त्रीचे नाव ह्या अध्यायात नाही. ती दिसावयास कशी होती, ह्याविषयीही एक अक्षर नाही.