परधर्मांतील चांगुलपणा आणि आपली साक्ष



गेल्या पावसाळ्यात कृष्णाकाठच्या एका लहान मंडळीत प्रार्थनासभा संपल्यावर एका वृद्ध बंधूंनी मला एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "पाळकसाहेब, आमच्या शेजारचा माळकरी दारूला शिवत नाही, कुणाचा पैसा बुडवीत नाही, पहाटे उठून देवाचे नाव घेतो. त्याला चांगला म्हणावे, तर आमच्या वाडवडिलांनी तो धर्म सोडला कशाला? आणि वाईट म्हणावे, तर ते खोटे होते. मी काय म्हणू?" मग थोडा वेळ थांबून ते हळूच म्हणाले, "ह्याच माळकऱ्याच्या आजोबांनी माझ्या आजीला आडावर पाणी भरू दिले नव्हते. तेही विसरता येत नाही."

मी त्यांस घाईने उत्तर दिले की, मनुष्याच्या कर्मांनी तारण होत नाही. हे खरेच आहे. परंतु परत येताना वाटेत मला उमगले की, त्या बंधूंनी तारणाविषयी विचारलेच नव्हते. आपल्या शेजाऱ्याविषयी खरे काय बोलावे, एवढेच त्यांनी विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर मी आज ह्या पानावर देण्याचा प्रयत्न करितो. मंडळीत हे पत्र मोठ्याने वाचले जाते, तेव्हा त्यांच्याही कानी ते पडेल अशी आशा आहे.

दहा आज्ञांपैकी नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मना करिते. ही आज्ञा कोर्टकचेरीपुरतीच आहे असे आपण समजतो. परंतु शेजाऱ्याच्या धर्मात जे चांगले आपल्या डोळ्यांना दिसते, ते दिसले नाही असे म्हणणे, ही खोटी साक्ष नव्हे काय? आणि शेजारी म्हणजे केवळ आपल्याच मंडळीतला मनुष्य, असा अर्थ करण्यास प्रभूने जागा ठेविली नाही. शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला त्याने शोमरोन्याची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत देवाचे सेवक म्हणविणारे दोघे जखमी मनुष्याला टाळून निघून गेले, आणि ज्याची उपासना यहूदी लोक अशुद्ध मानीत, त्याने जखमा बांधिल्या व उताराघरी पैसे भरिले. कफर्णहूमच्या परराष्ट्रीय शताधिपतीचा विश्वास पाहून प्रभूने आश्चर्य केले, आणि एवढा विश्वास इस्राएलातही आढळला नाही, असे सर्वांदेखत सांगितले. कैसरीयातील कर्नेल्याच्या प्रार्थना व दानधर्म पेत्र त्याच्या दारी पोचण्यापूर्वीच देवापुढे पोचले होते. पौल अथेनै नगरात उभा राहिला, तेव्हा त्याने तेथील लोकांच्याच कवींच्या वचनांचा आधार घेऊन भाषण केले. मूर्ती पाहून त्याच्या आत्म्याला संताप आला होता, हे शास्त्र लपवीत नाही. तथापि भाषणाचा आरंभ त्याने शिवीने केला नाही.

येथे मला माझा एक अपराध सांगितला पाहिजे. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलो होतो, तेव्हा एका आठवड्याच्या बाजारात मी उपदेश केला. इतर धर्मांतील जेवढे म्हणून वाईट मला ठाऊक होते, तेवढे मी एका पारड्यात घातले, आणि आपल्या शास्त्रातील जेवढे उत्तम, ते दुसऱ्या पारड्यात. साहजिकच आपले पारडे जड झाले. भाषण संपल्यावर एक शेतकरी नम्रपणे जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या लोकांत दारू पिणारा, भावाची जमीन खाणारा कोणी नाही काय?" मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी एक गोष्ट मी शिकलो, ती अशी: तुलना करावयाचीच तर शिकवणीची तुलना शिकवणीशी करावी, आणि आचरणाची आचरणाशी. आपली शिकवण आणि दुसऱ्याचे आचरण असे जो तोलतो, त्याच्या तराजूला पासंग आहे.

आपल्या सातारा जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यास येऊन राहिले होते, हे कित्येक वाचकांस ठाऊक असेल. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, आणि १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यासाठी त्यांनी किती सोसले व घरात केवढी ताटातूट झाली, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' ह्या पुस्तकात सविस्तर आले आहे. इतकी किंमत देऊन जो धर्म सोडला, त्यात काही चांगले होते असे म्हणणे त्या मनुष्याला सर्वांहून जड गेले पाहिजे होते. परंतु टिळक उलट सांगत. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणणारा पूल झाला, असे ते म्हणत. नदी ओलांडून आलेला मनुष्य पुलावर घर बांधीत नाही. पण तो पूल मोडूनही टाकीत नाही, कारण मागून येणारे आहेत. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन, टाळ, मृदंग ही सर्व प्रभूच्या सेवेस लाविली. आज आपण उपासनेत जी भजने गातो, ती त्या पुलावरून आलेली आहेत.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडिली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' आरंभिला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांना, त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तेथे एकत्र यावे अशी त्यांची इच्छा होती. पुष्कळ ख्रिस्ती जनांना हे पटले नाही. बाप्तिस्म्याचे महत्त्व ह्याने कमी होईल, अशी भीती त्यांस वाटली, आणि ती भीती पोकळ होती असे मी म्हणणार नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तो प्रयोग बरोबर होता की चूक, ह्याविषयी दोन मते होतील. परंतु परक्या घरातील चांगुलपणा मानिल्याने टिळकांची ख्रिस्तावरील प्रीती कमी झाली, असे त्यांचे विरोधकही म्हणू शकणार नाहीत. 'ख्रिस्तायन' हे ज्याने मरेपर्यंत हाती धरिले होते, त्याचा विश्वास ढिला झाला, असे कोण म्हणेल?

आता आपल्या भोवती पाहा. दरवर्षी आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी नीरा नदी ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण ह्या वाटेने पुढे जाते. पावसात चालणारे ते लोक एकमेकांना 'माउली' म्हणतात व एकमेकांच्या पाया पडतात. आपल्यापैकी किती जण रविवारी पाऊस आला म्हणजे घरीच बसतात? मिरजेस ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तेथील उरुसात गाण्याची सेवा करीत. १९३७ साली ते वारल्यावरही गवई तेथे येऊन गात राहिले, आणि त्यांत हिंदू व मुसलमान असा भेद नाही. मशिदीत नमाजास उभे राहताना मजूर आणि मालक खांद्याला खांदा लावून उभे राहतात. आपल्या मंदिरात पुढची बाके कोणासाठी राखलेली असतात, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मले. १९१९ साली कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणिली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व एकत्र जेवीत. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ज्या विधवेने आपली सारी उपजीविका दानपेटीत टाकिली, तिची आठवण ह्या ठिकाणी कोणाला होणार नाही? आणि ज्या डॉ. आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातले, त्यांच्या मागोमाग १९५६ साली आपल्या कित्येक आप्तांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या घरांतून मद्य वर्ज्य करण्याचा नियम व मुलांना शिकविण्याचा हट्ट दिसतो, तेव्हा आपण देवाचे उपकार का मानू नयेत?

कोणी म्हणेल, "तर मग सर्व धर्म सारखेच काय?" नाही. गुण मान्य करणे आणि भेद पुसून टाकणे, ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. जो म्हणतो की सर्व एकच, तो खरे पाहता कोणाचेच ऐकून घेत नाही. माळकऱ्याला विठ्ठल हवा आहे, मुसलमानाला अल्लाची आज्ञा, आपल्याला वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त; ह्या सर्वांना एकच शब्द लाविणे म्हणजे कोणाच्याही मनाचा आदर न करणे होय. आम्ही ख्रिस्तामध्ये पापांची क्षमा अनुभविली, आणि ती साक्ष आम्ही देत राहू. परंतु साक्षीदाराचा एका गोष्टीविषयीचा शब्द खोटा निघाला, म्हणजे दुसऱ्या गोष्टीविषयीही त्याचे कोणी मानीत नाही. शेजाऱ्याविषयी आपण खोटे बोललो, तर ख्रिस्ताविषयी आपण जे खरे बोलतो त्यावर तो कसा विश्वास ठेवील?

आता त्या आडाच्या पाण्याविषयी. चांगुलपणा मान्य करावा म्हणून अन्याय झाकावा, असे सत्य सांगत नाही. चोखामेळ्याची भक्ती खरी होती, आणि त्याला देवळाबाहेर ठेवणारी रूढीही खरी होती. त्याची समाधी पंढरपुरास महाद्वारापुढे बाहेरच आहे. हे दोन्ही सांगितले पाहिजे. त्याबरोबर तिसरी गोष्टही सांगितली पाहिजे की, तेच देऊळ अस्पृश्य मानिलेल्यांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, आणि ते खुले झाले. पश्चात्ताप हा केवळ आपल्याच घरी राहतो असे नाही. आणि दोषही केवळ परक्याच्या घरी राहत नाही. आपल्या मंडळ्यांतून सोयरीक जुळविताना अजून कोणती जुनी नावे विचारिली जातात, हे मी लिहिण्याची गरज नाही.

तेव्हा, प्रिय वृद्ध बंधो, माझे उत्तर असे आहे. तुमचा शेजारी चांगला आहे, तर त्याला चांगला म्हणा, आणि ते त्याच्या तोंडावर म्हणा. तुमच्या वाडवडिलांनी धर्म सोडला, तो त्या घरी काहीच चांगले नव्हते म्हणून नव्हे, तर ख्रिस्ताने त्यांना नावाने हाक मारिली आणि जेथे आडावर मज्जाव होता तेथे जीवनाचे पाणी दिले म्हणून. त्यांचा निर्णय योग्य ठरावा यासाठी माळकऱ्याने वाईट असण्याची गरज नाही. आणि मैत्री पुरेशी झाली म्हणजे आपल्या आजीची गोष्टही त्याला सांगा. रागाने सांगू नका. परंतु लपवूही नका. ज्याचे गुण तुम्ही प्रामाणिकपणे सांगितले, त्याच्याच कानी तुमचे दुःख शिरेल.

उपदेशक बंधूंना एक विनंती करितो. पुढील रविवारच्या आत आपल्या गावातील परधर्मीय शेजाऱ्याच्या अंगचा एक तरी गुण शोधून काढा, आणि मंडळीच्या प्रार्थनेत त्याच्या नावाने देवाचे आभार माना. नंतर तो गुण आपल्यात यावा म्हणून प्रार्थना करा. प्रकाशाचा पिता एकच आहे. जेथे जेथे काही सत्य व चांगले दिसते, ते त्याच्याकडूनच आले आहे असा आपला विश्वास आहे. मग ते शेजाऱ्याच्या ओसरीवर दिसले असता डोळे मिटून घेण्याचे आपल्याला काय कारण?

आपला प्रभूमधील बंधू,
एक पाळक